केजकर सर आणि एकोणतिसावं पान

केजमध्ये केजकर सर नावाच्या माणसाला हुडकायला विजयसिंहदादांच्या तीन मोटरसायकली सुटल्या, त्या वेळी केजकर सर अंगणवाडीच्या ओट्यावर बसून मुगाची डाळ निवडत होत्या.

‘होत्या’ हे बरोबर आहे. सरांचं खरं नाव संगीता राधाकिशन पांचाळ. वय त्रेचाळीस, काम अंगणवाडीसेविकेचं, आणि त्यावर सरकारनं लादलेलं दुसरं काम बीएलओचं, म्हणजे आपल्या भागाची मतदारयादी सांभाळायचं. कोण वारलं, कोण सासरी गेलं, कोण केजातही मतदार आहे आणि पुण्यातही, हे बाईंना तोंडपाठ. गल्लीतले लोक म्हणायचे की यमाला उशीर होईल, पण बाईंना होणार नाही.

नवरा राधाकिशन सुतारकाम करायचा. दिवसभर रंधा मारून कानाला एवढा आवाज पुरे व्हायचा की घरी तो फारसा बोलत नसे. बायको रोज संध्याकाळी मोबाईल घेऊन बसते आणि स्वतःशी हसते, हे त्याला ठाऊक होतं. कशाला हसते हेही ठाऊक होतं. ती कॉमिक्स वाचायची.

हे वेड तिला उसाच्या फडात लागलं. आईबाप ऊसतोडीला जायचे आणि वर्षातले सहा महिने कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, जायचे. तिथं ऊस वाहणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याच्या सीटखाली कॉमिक्सचं गाठोडं असायचं. मोळ्या चढेपर्यंत त्याला काम नसायचं, तो वाचत बसायचा, आणि आठ वर्षांची संगीता त्याच्या खांद्यावरून वाचायची. तिचं वाचून व्हायच्या आत तो पान उलटायचा. राहिलेलं ती मनानं रचायची. पुढे लग्न झालं, दोन पोरी झाल्या, त्याही नांदायला गेल्या, तरी उलटून गेलेल्या पानावर काय होतं ही खाज काही गेली नाही.

सहा वर्षांपूर्वी सगळा देश घरात कोंडला गेला होता, तेव्हा तिला फेसबुकवर ‘फुगेवाले’ सापडले. कॉमिक्समधल्या पात्रांच्या तोंडाजवळ त्यांचं बोलणं लिहिलेला जो फुगा असतो, त्यावरून हे नाव. महाराष्ट्रभरातले सहा-सात हजार कॉमिक्सवेडे तिथं जमून भांडायचे. स्वतःच्या नावानं तिथं जावं, तर जाऊबाईंना दिवाळीपर्यंत पुरेल एवढा विषय मिळाला असता. म्हणून तिनं नाव घेतलं, स. रा. केजकर. पहिल्याच दिवशी तिनं कुणाची तरी चूक काढली, एका राक्षसाला पाच पानांत एकदा चार बोटं होती आणि एकदा पाच. लगेच उत्तर आलं, ‘सर, आपली नजर जबरदस्त आहे.’

सर! तिला हसू आवरेना. आपण बाई आहोत असा खुलासा तिनं दोनदा लिहिला आणि दोनदा खोडला. मग तिच्या ध्यानात आलं की बैठकीत आपण एक गोष्ट तीनदा सांगतो तेव्हा पर्यवेक्षक मान वर करतात, आणि इथं सरांनी एकदा सांगितलं की विषय संपतो. ही चैन सोडायची कावून? ती राहिली सर.

दोन वर्षांत सर पुरस्कार समितीवर गेले. समिती चौघांची. पुण्याचे त्रिंबकराव अध्यक्ष, ते निवृत्त अभियंता होते आणि प्रत्येक वाक्याच्या आधी घसा साफ करायचे. नागपूरचा एक, सांगलीचा एक, आणि केजकर सर. बैठका मोबाईलवर व्हायच्या. सरांचा कॅमेरा बिघडलेला असायचा, माईकही बिघडलेला असायचा, पण लिहून मात्र ते मुद्देसूद लिहायचे, अगदी पुस्तकी मराठीत. ‘सदर बाब नियमात बसत नाही’ असं सरांनी लिहिलं की त्रिंबकराव घसा साफ करून पुढच्या विषयाकडे वळायचे.

पुरस्काराचं नावही ‘फुगा’. जानेवारीत सभासदांनी गेल्या वर्षातली आपली आवडती पुस्तकं सुचवायची. समितीनं ती पारखायची, पुस्तक खरंच त्या वर्षी निघालं का, मराठीत आहे का, किमान सोळा पानांचं आहे का. मग प्रत्येक प्रकारात पाच नावं निवडून ती मतदानाला ठेवायची. फेब्रुवारीत आठवडाभर मतदान आणि मार्चच्या पहिल्या रविवारी निकाल. जिंकणाऱ्याला फुग्याच्या आकाराची लाकडी ढाल मिळायची. ती कुठून येते हे समितीलाही माहीत नव्हतं, ‘सरांच्या ओळखीचा एक कारागीर आहे’ एवढंच. तो कारागीर दरवर्षी प्लायवूडवर फुगा आखताना विचारायचा, “शेपूट डावीकडं ठिवू का उजवीकडं?”

असं सगळं सुरळीत चाललं होतं आणि त्यात विजयसिंहदादांची म्हैस शिरली.

विजयसिंहदादा म्हणजे मोठ्या घरचे, शे-दीडशे एकरांचे धनी, आणि जिल्हा परिषदेचं तिकीट मागणारे. वय बत्तीस. आदल्या पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं तेव्हा दादांनी एका म्हशीला पुरातून बाहेर काढलं, अशी त्यांच्या मित्रमंडळाची बातमी होती. म्हशीच्या मालकाचं म्हणणं जरा वेगळं होतं. पाणी गुडघाभर होतं, म्हैस स्वतःच बाहेर आली आणि दादा तिच्या शेपटीला धरून आले, असं तो खासगीत सांगायचा. मित्रमंडळानं या प्रसंगावर दादांच्या वाढदिवसाला चोवीस पानी रंगीत कॉमिक्स काढलं, ‘महापुरातला महावीर’. ते गावोगाव फुकट वाटलं. अंगणवाडीतही दहा प्रती आल्या.

पुस्तकातली गोष्ट इतकी टुकार होती की संगीताबाईंना ती मोठ्यानं वाचून दाखवताना लाज वाटली. दादा पानोपानी छाती पुढे काढून भाषण करत होते, पुरात गळ्याएवढ्या पाण्यातसुद्धा त्यांच्या केसाचा भांग मोडत नव्हता. पण म्हैस! ती म्हैस कुणीतरी जीव लावून काढली होती. भिजून अंगाला चिकटलेले केस, कानातून ओघळणारं पाणी, आणि दादांचं भाषण ऐकताना तिच्या डोळ्यांत उमटलेला तो कंटाळा. सातव्या पानावर तर ती सरळ वाचकाकडे बघत होती, ‘बघा, काय सोसावं लागतं’ अशा नजरेनं. संगीताबाई त्या पानावर पंधरा मिनिटं बसून राहिल्या.

चित्रकाराचं नाव कुठंच नव्हतं. मुखपृष्ठावर ‘संकल्पना : विजयसिंहदादा मित्रमंडळ’ आणि खाली दादांचा गॉगलमधला फोटो. पण बाईंची नजर मतदारयादीवर तयार झालेली. त्यांनी चष्मा पुसून सातवं पान उजेडात धरलं तर म्हशीच्या शिंगाच्या वळणात मुंगीएवढं अक्षर होतं, ‘सु’.

जानेवारीत कुणीतरी दादांच्या कानावर घातलं की राज्यपातळीवरचा कॉमिक्सचा पुरस्कार असतो, आणि तो मतदानानं मिळतो. मतदान म्हटल्यावर दादांचा चेहरा खुलला. मित्रमंडळाचा मुख्य कार्यकर्ता उत्तरेश्वर, त्याला हुकूम झाला. आठवडाभरात फुगेवाल्यांत हजारभर नवे सभासद आले. कुणाच्या फोटोत बुलेट, कुणाच्या फोटोत बैलजोडी, कुणाच्या फोटोत खुद्द दादाच. सगळ्यांनी एकच पुस्तक सुचवलं, आणि बऱ्याच जणांनी सुचवताना एकच वाक्य लिहिलं, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकीसकट.

समितीची तातडीची बैठक झाली. त्रिंबकरावांनी तीनदा घसा साफ केला. “ही सरळसरळ झुंडशाही आहे. माझं मत, नवीन सभासदांना मताधिकार नाही असा नियम आजच करावा.”

केजकर सरांनी लिहिलं, ‘पुस्तकं सुचवणं सुरू झाल्यावर नियम बदलता येत नाही. ज्याचं नाव सभासदांच्या यादीत आहे तो मतदार.’

“मग पुस्तक बाद करा!”

‘पुस्तक मराठीत आहे, गेल्याच वर्षीचं आहे, चोवीस पानी आहे. टुकार असणं हे बाद करण्याचं कारण नियमात नाही.’

नागपूरकर हसला. सांगलीकरानं सांगितलं की गोष्टीचं जाऊ द्या, त्यातल्या म्हशीला मात्र चित्रांकनाच्या प्रकारात आपल्या जुन्या सभासदांनीच सुचवलंय, चाळीसेक जणांनी. चित्रकार कोण ते कळत नाही म्हणून त्यांनी ‘अनामिक, म्हैसवाले’ असं लिहिलंय.

“सर, तुमचाच जिल्हा आहे,” त्रिंबकराव म्हणाले, “तुम्हीच सांगा काय करायचं.”

सरांनी नियमावली पुन्हा उघडली. मग एक प्रस्ताव आला. मतदाराला मत द्यायला हरकत नाही, पण त्यानं पुस्तक वाचलेलं असावं, हे तर आपल्या नियमावलीत पहिल्या ओळीतच आहे. तेव्हा मत दिल्यावर प्रत्येकाला त्याच्या पुस्तकाबद्दल एक प्रश्न विचारावा. अमुक पानावर काय घडतं, ते एका ओळीत लिहा. आणि खाली बारीक अक्षरात, ‘असं पान नसल्यास तसं लिहावं.’ पाचही पुस्तकांना सारखाच न्याय, प्रत्येकाचं शेवटचं पान संपल्यावर पाच पानं पुढचं पान विचारायचं.

“म्हणजे महावीराचं एकोणतिसावं,” नागपूरकर म्हणाला.

“हे जरा खोडसाळ होतंय, सर,” त्रिंबकराव म्हणाले, पण घसा साफ न करताच म्हणाले, म्हणजे त्यांना आवडलं होतं.

आता ‘सु’ शोधायचं राहिलं होतं. पोषण पंधरवड्याचा नवा फलक करून घ्यायचं निमित्त काढून संगीताबाई केजच्या एका फ्लेक्सच्या दुकानात गेल्या. तिथं कॉम्प्युटरवर एक पंचविशीतली मुलगी कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फलकावर वाघ बसवत होती. वाघाच्या मिशीच्या टोकाला तेच मुंगीएवढं अक्षर. बाईंनी खुर्ची ओढली.

“नाव काय ग तुजं?”

“सुरेखा.”

“दादांच्या पुस्तकातली म्हैस तूच काढली न्हवं?”

मुलीचा हात माऊसवरच थांबला. “कावून? काय चुकलं का मॅडम? शिंगं जरा मोठी झाली ते म्या म्हनलं होतं त्यास्नी…”

“चुकलं न्हाई. नाव कावून न्हाई टाकलं तुजं?”

“कुनी इचारलंच न्हाई.”

संगीताबाईंनी मोबाईल काढला आणि ‘माझ्या भाच्यानं दाखवलं’ अशी थाप मारून फुगेवाल्यांचं पान उघडून तिच्या हातात दिलं. सांगलीच्या एका माणसानं त्या म्हशीच्या डोळ्यावर वीस ओळी लिहिल्या होत्या. जळगावची एक बाई म्हणत होती, ही म्हैस पाहून मला माझ्या सासूबाई आठवल्या. सुरेखा वाचत राहिली. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं तरी वाचत राहिली.

“नाव दिऊ का तुजं? पुरस्काराला?” बाईंनी विचारलं.

“नगं. दादा रागावत्याल. मालकाला बोलत्याल.” तिनं मोबाईल परत दिला.

दोन दिवसांनी अंगणवाडीच्या नंबरवर संदेश आला. ‘मॅडम तुमच्या भाच्याला सांगा नाव टाका. सुरेखा बबनराव मस्के. आडनाव पण टाका. आणि त्या सांगलीच्या साहेबांना सांगा डोळा मी आधी काढला मग बाकीची म्हैस काढली.’

यादीत नाव गेलं. मित्रमंडळातल्या कुणालाच ते दिसलं नाही, कारण यादी त्यांनी दादांच्या पुस्तकापर्यंतच वाचली होती.

आणि याच सुमारास उत्तरेश्वराला खबर लागली की समितीतला एक माणूस आपल्या केजचाच आहे. कुणी केजकर सर. गावातलाच माणूस समितीवर असल्यावर एक शाल आणि एक नारळ पुरे, असा त्याचा हिशेब. तीन मोटरसायकली सुटल्या. दोन शाळा झाल्या, कॉलेज झालं, एक शिकवणी झाली. केजकर आडनावाचे तिघे निघाले, त्यातला एक भजीवाला, एक बँडवाला आणि एक नुसताच बसणारा. शेवटी कुणीतरी अक्कल सांगितली, यादी बीएलओकडं असते.

उत्तरेश्वर ओट्यासमोर गाडी लावून वर आला. “मॅडम, एक माणूस पायजे. स. रा. केजकर. तुमच्या यादीत बगा.”

संगीताबाईंनी डाळीचं ताट बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि यादी काढली. बोट ठेवून एकेक पान उलटलं. घाई केली नाही.

“कसलं काम हाय त्येंच्याकडं?”

“दादांचं हाय. लई मोठा मानूस हाय म्हनं. कुनाशी बोलत न्हाई, तोंड दाखवत न्हाई.”

“आसं? शिकल्याला आसंल.”

“लई! काय लिवतो, काय लिवतो. एकेक शबूद वजनदार.”

बाईंनी यादीतून मान वर केली नाही, कारण ओठ हलायला लागले होते. “स. रा. केजकर नावाचा मतदार माज्या यादीत न्हाई,” त्या म्हणाल्या. आणि हे शंभर टक्के खरं होतं.

“बरं, दुसरं एक,” उत्तरेश्वर म्हणाला. “पयल्या रविवारी दादांनी मंगल कार्यालय घेतलंय. मोठा पडदा लावनार, निकाल तितंच बगायचा. तुमी बायका घिऊन या. खुर्च्या मोकळ्या दिसू नयेत.”

मतदान संपलं तेव्हा संगीताबाईंनी निकालाचा कागद उघडला आणि अंगणवाडीचं दार आतून लावून घेतलं, कारण एवढं हसताना सेविकेनं दिसू नये. एकूण मतं एक हजार नऊशे बारा. त्यातल्या एक हजार सत्त्याऐंशी मतदारांनी न छापलेल्या पानाचं वर्णन केलं होतं. चोवीस पानी पुस्तकाच्या एकोणतिसाव्या पानावर दादा म्हशीला ‘भिऊ नको’ म्हणत होते, दादा मुख्य रस्त्याचं उद्घाटन करत होते, दादांच्या मातोश्री दादांना ओवाळत होत्या. पंधरा-वीस जणांच्या मते ते पान ‘अतिशय हृदयस्पर्शी’ होतं. एकानं लिहिलं होतं, ‘एकोणतिसावं पान वाचून माझे वडील रडले.’ दुसऱ्या एका पुस्तकाच्या नसलेल्या पानावर त्रिंबकरावांचे मेहुणेही अडकले होते. आणि बुलेटवाल्या फोटोच्या अभिमन्यू नावाच्या एकाच कार्यकर्त्यानं लिहिलं होतं, ‘पुस्तकाला चोवीसच पानं हायत. मी तीनदा मोजली. माज्याच पुस्तकात कमी छापलीत का?’ त्याचं मत बाईंनी आनंदानं धरलं.

पहिल्या रविवारी मंगल कार्यालय गच्च भरलं. बाहेर हलगी, आत गुलाल तयार. पुढे सोफ्यावर दादा, पांढरेशुभ्र. त्यांच्याशेजारी निवृत्त तलाठी मोहनराव, ज्यांना कमी ऐकू यायचं आणि ज्यांना दादा प्रत्येक कार्यक्रमाला पुढे बसवायचे, कारण ते कशालाही मान हलवायचे. तिसऱ्या रांगेत बायकांमध्ये संगीताबाई, मांडीवर पर्स, पर्सवर मोबाईल. निकालाच्या बैठकीत समितीनं हजर असायलाच हवं हा नियम सरांनीच केलेला. फ्लेक्सवाल्या पोरीला पडद्याची वायर बघायला बोलावलं होतं, ती भिंतीला टेकून उभी.

पडद्यावर त्रिंबकराव आले. घसा साफ झाला. मतं किती, बाद किती, ते त्यांनी सांगितलं. “बाद झालेल्या मतदारांनी,” ते म्हणाले, “पुस्तकात नसलेल्या पानाचं फार सुंदर वर्णन केलं आहे. समितीला ते वाचून आनंद झाला. कुणाचं पुस्तक ते आम्ही सांगणार नाही. एक उत्तर मात्र वाचून दाखवतो. ‘एकोणतिसावं पान वाचून माझे वडील रडले.’”

हॉलमध्ये मागून एक वयस्कर माणूस ओरडला, “म्या कवा रडलो बे?”

बायका फुटल्या. पुरुष दादांकडे बघून हसू गिळायला लागले. उत्तरेश्वरानं जमिनीकडे बघितलं. सर्वोत्तम पुस्तकाचा फुगा कोल्हापूरच्या दोघा भावांना गेला. दादा ताठ बसून होते, पण त्यांचा एक पाय जोरात हलत होता.

“उत्कृष्ट चित्रांकन,” त्रिंबकराव म्हणाले, “पुस्तक ‘महापुरातला महावीर’. चित्रकार, सुरेखा बबनराव मस्के, केज.”

क्षणभर कुणालाच कळेना. मग भिंतीजवळच्या पोरीच्या हातातली वायर खाली पडली. आणि इथं एक गोष्ट मान्य करायला पाहिजे, विजयसिंहदादा काही उगाच पुढारी झाले नव्हते. पाय थांबला. ते उठले, हात जोडले, टाळ्या वाजवत भिंतीपर्यंत गेले आणि माईकमध्ये म्हणाले, “आपल्या केजची लेक! हिच्या हातातली कला आमी वळखली म्हनून तर हे पुस्तक काढलं!” हलगी सुरू झाली. सुरेखाच्या डोक्यावर पहिला गुलाल दादांनीच टाकला. नाव छापायचं राहिलं कसं, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

पडद्यावर त्रिंबकरावही हेलावले होते. “हा क्षण केजचा आहे. तेव्हा मी आमच्या केजकर सरांना विनंती करतो. सर, सहा वर्षांत आम्ही तुमचा आवाज ऐकलेला नाही. आज माईक बिघडलेला असला तरी दोन शब्द बोलाच!”

संगीताबाईंनी नकार लिहायला मोबाईल उचलला. गर्दीत शेजारणीचं कोपर लागलं, बोट भलतीकडे पडलं आणि माईक चालू झाला. हलगीचा आवाज मोबाईलमधून पडद्याच्या स्पीकरात, स्पीकरातून परत मोबाईलमध्ये, असा फिरला आणि हॉलभर कानठळ्या बसवणारी कर्कश शिट्टी उठली. बायकांनी कानांवर हात ठेवले.

भिंतीजवळून सुरेखा ओरडली, कारण ही तिच्या रोजच्या कामातली गोष्ट होती, “त्येंचा मोबाईल इतंच हाय! ह्या हॉलमधी!” तिनं स्पीकरचा आवाज उतरवला तशी शिट्टी थांबली, पण गडबडीत बाईंचा माईक चालूच राहिला.

उत्तरेश्वर उडालाच. केजकर सर इथं! त्यानं पुरुषांच्या रांगांवरून नजर फिरवली. शिकलेला, वजनदार, कुणाशी न बोलणारा माणूस पाहिजे. नजर मोहनरावांवर थांबली. जाड चष्मा, खिशाला दोन पेनं, तोंडातून शब्द नाही.

“सर, आपुन?” त्यानं कानाशी ओरडून विचारलं.

मोहनरावांनी सवयीप्रमाणे मान हलवली.

पुढचं सगळं फार झपाट्यानं झालं. हार आला, शाल आली, नारळ आला, माईक आला. मोहनरावांना आपला सत्कार कशाचा हे माहीत नव्हतं, पण चाळीस वर्षं तलाठी राहिलेल्या माणसाला सत्कार झाल्यावर बोलावं लागतं एवढं माहीत होतं. समोर पडद्यावर सातवं पान झळकत होतं. त्यांनी त्याच्याकडे बोट केलं.

“मला लहानपनापासून चित्रांचा नाद,” मोहनराव म्हणाले. बाईंनी ओठ दाबले. “ह्ये पुस्तक म्या चारदा वाचलं.” बाईंनी नाकानं श्वास सोडला. एवढ्यावर थांबले असते तर आज जिल्ह्यात केजकर सर म्हणून त्यांनाच ओळखलं असतं. “ह्या चित्रातली गाय बगा, काय सुंदर गाय हाय…”

“म्हैस हाय ती!”

तिसऱ्या रांगेतून एक आवाज आला, आणि अर्ध्या सेकंदानं तोच आवाज स्पीकरमधून, तेवढ्याच रागानं. म्हैस हाय ती. पुण्यात, नागपुरात, सांगलीत, जळगावात, मोबाईलला डोळे लावून बसलेल्या सगळ्या फुगेवाल्यांनी केजकर सरांचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

त्रिंबकराव पडद्यात पुढे वाकले. “सर?” मग घसा साफ करून, “बाई?”

संगीताबाई उभ्या राहिल्या. आता बसून काय उपयोग? “व्हय, म्याच. राक्षसाची बोटं म्याच मोजली आन् एकोनतिसावं पानबी म्याच काढलं. पन म्हशीला गाय म्हनलेलं म्या ऐकून घेनार न्हाई.”

विजयसिंहदादा गुलालाच्या हातानं जवळ आले. एरवी त्यांनी आवाज चढवला असता, पण समोर पडद्यावर अर्धा महाराष्ट्र बसला होता. “मॅडम,” ते हळू बोलले, “आमची मानसं तुमच्याकडंच आलती की यादी बगायला.”

“आलती. स. रा. केजकर इचारला त्येंनी. तो यादीत न्हाईच, दादा. सांगितलं की म्या.”

दादांनी उत्तरेश्वराकडे बघितलं. उत्तरेश्वरानं मोहनरावांच्या गळ्यातल्या हाराकडे बघितलं. मोहनराव मात्र हार काढून द्यायला तयार नव्हते, आणि कुणी फार आग्रहही केला नाही.

घरी राधाकिशनला सगळं आधीच कळलेलं होतं, गावात असली बातमी माणसाच्या आधी घरी पोचते. जाऊबाई ओसरीवर येऊन बसल्या होत्या. त्यानं बायकोकडे बघितलं, रंधा खाली ठेवला आणि म्हणाला, “गाय म्हनला व्हय त्यो?”

“व्हय.”

“मग बराबर क्येलं.”

समितीत पुढचे आठ दिवस खल चालला की आता काय म्हणायचं, बाई, ताई की मॅडम. त्रिंबकरावांनी माफीचं लांबलचक पत्र लिहिलं, त्यात कॅमेरा आणि माईक दुरुस्त झाल्याबद्दल अभिनंदनही केलं. पुढच्या वर्षीच्या नियमावलीचा मसुदा करायला अर्थातच संगीताबाईंनाच सांगितलं. तिकीट दादांना मिळालं की नाही हा वेगळा विषय आहे. अभिमन्यू मात्र त्यांच्यापासून जरा लांब झाला आणि फुगेवाल्यांत रोज भांडायला लागला.

सुरेखा त्यानंतर पंधरा दिवसांनी दुपारच्या वेळी अंगणवाडीत आली. पोरं जेवून पांगली होती. तिनं पिशवीतून चार पानं काढून सतरंजीवर मांडली. तिच्या स्वतःच्या गोष्टीची. एक फ्लेक्सवाली पोरगी, आणि तिच्या फलकांवरचे पुढारी दुपारी सावलीला म्हणून खाली उतरून दुकानात येऊन बसतात, चहा मागतात, एकमेकांच्या मिशा बारीक करायला सांगतात.

संगीताबाईंनी चष्मा लावला. पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं, तिसऱ्यावर थांबल्या.

“हितं ढिलं पडलंय,” त्या म्हणाल्या. “हे पान काढून टाक.”

“न्हाई काढनार,” सुरेखा म्हणाली.

“कावून?”

“त्या पानाबिगर चौथं पान कळत न्हाई.”

संगीताबाईंनी तिसरं पान बाजूला सरकवून चौथं वाचलं. मग तिसरं परत जागेवर ठेवलं आणि पुन्हा वाचलं. कपाळाला आठी पडली. पोरगी बरोबर होती.

“बस,” त्या म्हणाल्या. “पाचवं कवा काढतीस?”